सड्यावरचा तुरेवाला: मलबारी चंडोल ओळखताना आणि त्याची जात-उपजात समजून घेताना

कोकणात सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, कुठल्याही मातकट रंगाच्या लहान पाखराला ‘चिमणी’ म्हणून माणसं मोकळी होतात. नव्याने पक्षी बघायला लागलेल्यांचंही सुरुवातीला तसंच होतं. थोडे दिवस गेले की गाडी दुसऱ्या टोकाला जाते. जरा फिका, जरा तांबूस, जरा जास्त रेषांचा पक्षी दिसला की ही नवी जात असणार, निदान उपजात तरी, असं वाटू लागतं. दोन्ही वेळी राहून गेलेली गोष्ट एकच असते: आपल्या जागेचा रोजचा पक्षी आपण नीट पाहिलेला नसतो. तो ओळखीचा झाल्याशिवाय त्याच्यापेक्षा वेगळं काय आहे, हे कळायला मार्ग नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या सड्यांवरचा असा रोजचा पक्षी म्हणजे मलबारी चंडोल. शास्त्रीय नाव गॅलेरिडा मलबारिका. आकाराने चिमणीएवढा, फार तर किंचित मोठा, साधारण १६ सेंटिमीटर. जगात तो फक्त भारतात आहे आणि तोही मुख्यत्वे पश्चिमेच्या पट्ट्यात, गुजरातपासून केरळपर्यंत. एका प्रदेशापुरता मर्यादित असलेला आणि तरीही घराजवळच्या कातळावर सहज भेटणारा पक्षी शिकायला मिळणं ही कोकणातल्या माणसाची मोठीच सोय आहे.

आधी कुळ ठरवा

जातीच्या नावाकडे धावू नका. समोरचा पक्षी चिमणी आहे, चंडोल आहे की तिरचिमणी, एवढंच आधी ठरवा. त्यासाठी रंगापेक्षा चाल जास्त उपयोगाची.

चिमणी जमिनीवर दोन्ही पाय जोडून टुणटुण उड्या मारते. चंडोल एकेक पाय टाकत चालतो, मध्येच थबकतो, पुन्हा चार पावलं धावतो. तिरचिमणीही चालते, पण तिचा बांधा सडपातळ, पाय लांब, चोच बारीक, आणि चालताना शेपटी वरखाली हलत राहते. डोक्यावर तुरा नसतो. भाताच्या कापलेल्या खाचरांत आणि मळ्यांच्या बांधावर सर्वांत जास्त दिसते ती हीच, त्यामुळे नवशिक्यांचे निम्मे ‘चंडोल’ प्रत्यक्षात तिरचिमण्या असतात.

चिमणी आणि चंडोल रंगाने जवळचे वाटले तरी नात्याने बरेच दूर आहेत. घरचिमणी पॅसरिडी कुळातली, चंडोल अलाउडिडी कुळातला. या दुसऱ्या कुळात जगभर सुमारे शंभर जाती आहेत. त्यांना एकत्र बांधणारी एक खूण पायावर असते. बहुतेक गाणाऱ्या पक्ष्यांच्या पायाची मागची बाजू गुळगुळीत आणि धारदार असते. चंडोलांची गोलसर असून तिच्यावर खवले असतात. दुर्बिणीतून हे दिसणार नाही, पण मागच्या बोटाचं लांब, सरळसर नख चांगल्या फोटोत दिसतं. जनुकीय अभ्यासातून चंडोलांचा आजचा सर्वांत जवळचा नातलग सापडला, तो युरोप-आशियातल्या पाणथळींत बोरूच्या दाटीत राहणारा, काळ्या मिशा असल्यासारखा दिसणारा एक लहान पक्षी. माळावर जन्म काढणाऱ्या कुळाचं नातं पाणथळीत निघावं, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. दिसण्यावरून नाती जुळवू नयेत याचा याहून चांगला दाखला नाही.

गळ्यावर पिवळा ठिपका असलेली रानचिमणीही कोकणात आहे. सलीम अलींना लहानपणी मुंबईत पक्ष्यांची गोडी लागली ती हिच्यामुळे. पण ती झाडांवर वावरते आणि ढोलीत घरटं करते. उघड्या कातळावरच्या पक्ष्याशी तिची गल्लत सहसा होत नाही.

एकच सडा निवडा

सडा म्हणजे जांभ्याचं सपाट पठार. पावसाळ्यात तिथे पाण्याची डबकी, गेंदाची पांढरी फुलं, सीतेची आसवं. दसरा-दिवाळीपर्यंत गुडघाभर पिवळं गवत. कापणी झाली की मार्गशीर्षापासून पुढे उघडा तांबडा कातळ. चंडोल पाहायला हा शेवटचा काळ सोपा. गवत उतरलेलं असतं, पक्षी लपत नाही, सकाळची हवा स्वच्छ असते. उजाडल्यापासून पहिले दोन तास पुरेत. दहानंतर कातळ तापतो, दुर्बिणीत हवा थरथरते आणि छातीवरच्या रेषा मोजणं व्यर्थ होतं.

सडे खूप आहेत. रत्नागिरी शहराभोवती, राजापूरकडे बारसू-देवाचे गोठणे, कशेळी, सिंधुदुर्गात देवगड-मालवणच्या वाटेवर. कातळशिल्पं बघायला लोक जातात तिथेच हे पक्षीही असतात. तरी माझा आग्रह असा की पहिल्या वर्षी एकच सडा धरावा, शक्यतो घरापासून चालत जाण्याजोगा. सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींचा अभ्यास केला. एका मादीने घरटं स्वीकारलं की नर पुढचं घरटं बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हे त्यातून उलगडलं. त्याच त्या वसाहतीकडे रोज पाहत राहिल्याशिवाय हे कळलं नसतं. चंडोलाच्या रंगातले फरक समजायलाही तोच मार्ग आहे.

सड्यावर पोचलात की आधी गडगे बघा. आंब्याच्या कलमांभोवती रचलेला जांभ्याचा गडगा ही या पक्ष्याची आवडती बैठक. दगडावर ताठ बसून तो गातो, किंवा तिथून वर उडत हवेत गात राहतो. गडग्यावर नसला तर कापलेल्या गवताच्या बुडख्यांत शोधा. तांबूस पक्षी तांबड्या कातळावर हलला नाही तर दिसत नाही. म्हणून नजर फिरवण्यापेक्षा एका जागी उभं राहून हालचालीची वाट पाहा.

तुरा, शेपटी, छाती

पक्षी दिसला की या क्रमाने बघा. क्रम मुद्दाम असा आहे: उडून गेला तरी आधीच्या दोन गोष्टी हातात राहतात.

तुरा लांब आणि टोकदार असतो. खाली पाडलेला असला तरी डोक्यामागे त्याचं टोक बाहेर आलेलं दिसतं, त्यामुळे ‘तुरा उभा नव्हता’ ही सबब चालत नाही. आकाशी चंडोलाचा तुरा आखूड असतो आणि पाडला की दिसेनासा होतो. डोंबारी चंडोलाला तुरा नसतोच. डोंबाऱ्याचा नर पोटाकडून काळा आणि माथ्यावर राखी, त्याच्याबद्दल शंका राहत नाही; पण मादी मातकट, बुटकी, जाड चोचीची असते आणि ती हटकून चिमणी म्हणून नोंदली जाते.

मग शेपटी. उडताना तिच्या बाहेरच्या पिसांकडे बघा. मलबारी चंडोलाची ती पिसं तांबूस असतात, तिरचिमणीची पांढुरकी. पंखाखालचा भागही तांबूस झळकतो.

छाती शेवटी, आणि निवांतपणे. मलबारी चंडोलाच्या छातीवर ठळक, गडद, दाट रेषा असतात आणि त्या खाली पांढुरक्या पोटाशी संपतात. पाठही रेषांनी भरलेली, तांबूस तपकिरी. या छाती-पोटाच्या फरकावर पुढे सगळं अवलंबून आहे, म्हणून फोटो काढणार असाल तर पाठीचा एक आणि समोरून छातीचा एक, असे दोन तरी हवेत. कडक उन्हातला फोटो रंगाच्या बाबतीत फसवतो. ढगाळ सकाळ किंवा सावलीतला पक्षी मिळाला तर उत्तम.

गाण्यावर सुरुवातीला विसंबू नका. तुरेवाले चंडोल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतात, आणि घाटावरचा साइक्सचा चंडोल तर त्यात फारच तरबेज आहे. ऐकलेला सूर मूळ कोणाचा, हे ठरवायला आजूबाजूच्या सगळ्या पक्ष्यांचे आवाज आधी ओळखीचे असावे लागतात.

नाव कसं वाचायचं

आता वर्गीकरण. पक्ष्यांच्या यादीत या चंडोलाचं नाव असं दिसेल: गॅलेरिडा मलबारिका (स्कोपोली, १७८६). पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा. दुसरा जातीचा. पुढे नाव देणाऱ्याचं आडनाव आणि वर्ष. हे आडनाव कंसात आहे, याला अर्थ आहे: नाव दिलं तेव्हा पक्षी वेगळ्या प्रजातीत ठेवला होता. स्कोपोलीने त्याला अलाउडा या प्रजातीत घातलं होतं. गॅलेरिडा ही प्रजाती पुढे १८२८ मध्ये वेगळी काढली गेली. कंस नसता तर प्रजाती पहिल्यापासून तीच, असं समजायचं. एवढं कळलं की कुठलीही यादी निम्मी वाचता येते.

स्कोपोली इटलीत होता आणि त्याने हा पक्षी डोळ्यांनी पाहिला नव्हता. सोन्नरा नावाचा फ्रेंच निसर्ग-अभ्यासक हिंदुस्थानात फिरून गेला, त्याने १७८२ मध्ये प्रवासवर्णन छापलं, त्यात मलबार किनाऱ्यावरच्या तुरेवाल्या चंडोलाचं वर्णन होतं. त्यावरून स्कोपोलीने लॅटिन नाव दिलं. डोंबारी चंडोलाचं नावही स्कोपोलीचंच आणि त्याच वर्षाचं.

कधी तीन शब्दांचं नाव दिसतं. तिसरा शब्द उपजातीचा. उत्तर भारतातला मोठा तुरेवाला चंडोल म्हणजे गॅलेरिडा क्रिस्टाटा. त्याच्या भारतीय उपजातीचं पूर्ण नाव गॅलेरिडा क्रिस्टाटा चेंदूला. मलबारी चंडोलाला मात्र तिसरं नाव नाही. तो एकरूप जात मानला जातो, म्हणजे गुजरातपासून केरळपर्यंत त्याची एकही उपजात मान्य नाही. तुमच्या सड्यावर फिका पक्षी दिसला तर तो फिका मलबारी चंडोल आहे, आणि त्याची कारणं खाली आहेत.

भौगोलिक बदल आणि त्याचे सापळे

एकाच जातीचे पक्षी वेगवेगळ्या प्रदेशांत थोडे वेगळे दिसतात, यालाच भौगोलिक बदल म्हणतात. आकार, चोचीची लांबी, रंगाची गडदता, रेषांची दाटी यांत तो दिसतो. हे समजून घ्यायला गॅलेरिडा प्रजातीइतका चांगला धडा क्वचित मिळेल, कारण तिच्यात दोन्ही टोकं आहेत. एका टोकाला आपला मलबारी चंडोल, एकाही उपजातीशिवाय. दुसऱ्या टोकाला तो मोठा तुरेवाला चंडोल: पोर्तुगालपासून कोरियाच्या बाजूपर्यंत पसरलेला, तीसहून अधिक उपजातींचा. त्याच्या बऱ्याच उपजातींचा रंग त्या त्या जमिनीच्या रंगाशी जुळतो. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या काळ्या गाळावर राहणारी उपजात काळसर, आणि बाजूच्या वाळवंटातले पक्षी वाळूसारखे फिके. जमिनीवर घरटं करणाऱ्या, जमिनीवरच टिपणाऱ्या पक्ष्याला शत्रूपासून लपायला रंगच उपयोगी पडतो. जुळणारे वाचतात, न जुळणारे शिकारी पक्ष्यांच्या तोंडी जातात, आणि पिढ्यान्‌पिढ्या हे चालत राहतं.

दुसरी प्रवृत्ती हवेशी संबंधित आहे. दमट प्रदेशातले पक्षी सहसा गडद आणि कोरड्या प्रदेशातले फिके असतात. ग्लोगर या अभ्यासकाने १८३३ मध्ये हे मांडलं, म्हणून त्याला ग्लोगरचा नियम म्हणतात. किनाऱ्यावरचा गडद रेषांचा मलबारी चंडोल आणि दख्खनच्या कोरड्या माळावरचा फिकट साइक्सचा चंडोल शेजारी ठेवले की हा नियम आठवतोच. मात्र या दोन वेगळ्या जाती आहेत. त्यांच्यातला सगळा फरक पावसाच्या खाती टाकणं बरोबर नाही.

उपजात कुठे सुरू होते, याला बराच काळ वापरात असलेला एक निकष आहे. अमॅडन यांनी १९४९ मध्ये तो नीट मांडला: एका प्रदेशातले निदान ७५ टक्के पक्षी दुसऱ्या प्रदेशातल्या जवळजवळ सर्व पक्ष्यांपासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. म्हणजे एका फोटोवरून उपजात ठरत नाही, ती पक्ष्यांच्या समूहावरून ठरते. आणि बदल जर उत्तरेकडून दक्षिणेकडे हळूहळू होत गेला असेल, मध्ये कुठेही पायरी नसेल, तर रेघ ओढायची तरी कुठे? अशा सलग बदलाला ज्युलियन हक्सली यांनी १९३८ मध्ये ‘क्लाइन’ असं नाव दिलं. मुंबईत १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातल्या पक्ष्यांच्या कातड्यांचं मोल इथे कळतं. ठिकाण आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी पायाला बांधून ती ओळीने ठेवलेली असतात, आणि अशी ओळ समोर असेल तरच रंगाचा सलग बदल डोळ्यांना दिसतो.

आता सापळे. पहिला पिसांच्या झिजेचा. चंडोल वीण संपल्यावर सगळी पिसं बदलतात. नव्या पिसांच्या कडा फिकट, रुंद असतात आणि पक्षी खवलेदार, उजळ दिसतो. जसजशा त्या कडा कातळावर, गवतात झिजतात तसा तोच पक्षी गडद आणि जास्त रेषांचा वाटू लागतो. म्हणून वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी काढलेले दोन फोटो समोरासमोर ठेवून निष्कर्ष काढू नका. तारीख समान असावी, ठिकाण वेगळं. दुसरा सापळा तांबड्या धुळीचा. चिरेखाणीजवळच्या किंवा मातीच्या रस्त्यालगतच्या पक्ष्यांचं पोट जांभ्याच्या धुळीने तांबूस होतं, आणि पोटाचा रंग हीच तर आपली मुख्य खूण. पहिल्या सरी पडून गेल्यावर त्याच जागेचे पक्षी पुन्हा पाहा. तिसरा म्हणजे पिल्लं: उडायला लागलेल्या पिल्लाच्या अंगावर फिकट ठिपके असतात, तुरा आखूड असतो, आणि ते भलतंच काही वाटतं.

दिसण्यावर विसंबून तज्ज्ञही कुठवर जातात, याची गोष्ट आपल्याच पक्ष्याची आहे. स्पेन आणि उत्तर आफ्रिकेत थेकला चंडोल नावाचा पक्षी आहे. ब्रेहम यांनी १८५७ मध्ये त्याला आपल्या दिवंगत बहिणीचं नाव दिलं. तो आणि मलबारी चंडोल इतके सारखे दिसतात की विसाव्या शतकात काही अभ्यासकांनी दोघांना एकाच जातीत धरलं होतं. एक पक्षी कोकणात, दुसरा भूमध्य समुद्राच्या काठी आणि सोमालिया-इथियोपियाच्या बाजूला, मध्ये हजारो किलोमीटरची रिकामी जागा. आज दोन्ही वेगळ्या जाती मानल्या जातात.

उलट बाजूने, नुसत्या कानाने आणि निरीक्षणाने वर्गीकरण बदललं, अशीही उदाहरणं चंडोलांत आहेत. भारत आणि आग्नेय आशियातले काही झुडपी चंडोल पूर्वी एकच जात समजले जात. स्वीडनचे पेर अल्स्ट्रॉम यांनी १९९८ मध्ये त्यांचं गाणं आणि गाताना उडण्याची पद्धत तपासून ते अनेक जातींत वेगळे केले. पक्षी गाताना सरळ वर गेला की तिरका, किती वेळ गायला, परत त्याच दगडावर उतरला का, हे तुमच्या वहीत आलं तर त्याची किंमत रंगाच्या वर्णनापेक्षा कमी नाही.

मग घाट चढा

आपल्या सड्यावरचे पक्षी डोळे मिटूनही आठवतील इतके ओळखीचे झाले की एकदा पूर्वेला जा. रत्नागिरीकरांना आंबा घाट, सावंतवाडीकरांना आंबोली. घाटमाथ्याच्या पठारांवर मलबारी चंडोल असतोच. तिथून खाली उतरत पावसाच्या छायेतल्या माळांकडे, सांगली-सोलापूरच्या दिशेने गेलात की साइक्सचा चंडोल भेटू लागेल. कर्नल साइक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली, त्यात या पक्ष्याचं पहिलं वर्णन आहे. शास्त्रीय नाव गॅलेरिडा देवा. तोही फक्त भारतातला.

तो लहान, साधारण १४ सेंटिमीटर. छातीवरच्या रेषा थोड्या आणि बारीक, पोट पांढुरकं नसून तांबूस पिवळट. मलबारी चंडोलाची सवय झालेल्या नजरेला तो लगेच ‘पुसल्यासारखा’ वाटतो. मधल्या पट्ट्यात दोन्ही जाती आढळतात, तिथे घाई करू नका. छाती, पोट आणि आकार, तिन्ही जुळले तरच नाव लिहा. नाही तर ‘तुरेवाला चंडोल, जात अनिश्चित’ ही नोंदही पूर्णपणे वैध आहे.

नोंद करताना

वही असो किंवा ई-बर्ड ही पक्षिनोंदींची वेबसाइट, आधी ठिकाण, मग वेळ, मग दिसलेल्या खुणा, आणि नाव सर्वांत शेवटी. नाव आधी लिहिलं की डोळे त्या नावाला साजेशा खुणा शोधू लागतात. जमिनीचा प्रकार लिहा: उघडा कातळ, कापलेलं गवत, जळलेलं गवत, कलमांची नवी लागवड, चिरेखाण. सडे झपाट्याने बदलत आहेत. सुरुंग लावून बागा होतात, खाणी वाढतात, आणि सरकारी नोंदीत हीच जमीन बहुतेक वेळा ‘पडीक’ असते. म्हणून ठिकाण तालुक्यापुरतं न लिहिता सड्याचं गावातलं नाव लिहावं, म्हणजे पुढे कोणालाही तीच जागा सापडेल.

मोबाइलवरच्या ॲपने सिंधुदुर्गात उत्तरेकडचा मोठा तुरेवाला चंडोल सुचवला तर लगेच स्वीकारू नका. फोटोतली छाती पुन्हा बघा. तुरा दिसला की ॲपही फसतं.

पक्षी हातात धरायचा नाही, घरट्याजवळ थांबायचं नाही, स्पीकरवर गाणं वाजवून नराला चिडवायचं नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पक्षी पकडायला आणि घरटं हलवायला बंदी आहेच. पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट अशी की घरटं गवताच्या बुडख्याला किंवा दगडाच्या आडोशाला उघड्या जमिनीवर असतं, आणि तुम्ही दोन मिनिटं थांबलात तर कावळ्याला ती जागा कळते. घरटं चुकून दिसलं तर त्याच चालीने पुढे जा. सार्वजनिक नोंदीत त्याचं नेमकं ठिकाण लिहू नका, फोटोही टाकू नका. ‘वीण चालू’ एवढं लिहिलं की अभ्यासाला पुरतं.